उरलं तर कोण खातं?

मैत्रिणींनो, आज एक प्रश्न विचारते. उत्तर मनातल्या मनात दिलंत तरी चालेल, पण खरं द्या. काल रात्री तुमच्या घरी दोन पोळ्या, वाटीभर भात आणि पळीभर आमटी उरली असेल, तर ती आज सकाळी कोणी खाल्ली?

मीच सांगते. तुम्ही! मुलांच्या डब्याला ताजी पोळी-भाजी, ह्यांना ताजी भाकरी, सासूबाईंना दात नाहीत म्हणून ताजा मऊ भात. आणि सगळं आवरलं की अकराच्या सुमाराला ओट्यापाशी उभ्या उभ्या, कालची पोळी चहात बुडवून आपण. कोणी हटकलंच तर वर म्हणायचं, "अन्न टाकलं की पाप लागतं." मीही तेवीस वर्षं हेच करत आले. घराला पाप लागू नये म्हणून शिळं खायची जबाबदारी एकटीचीच कशी, हा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

तो पडला घंटागाडीवरच्या मावशींमुळे. आमचं गाव सोलापूर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. रविवारी आठवडे बाजार. एका शनिवारी मी कचऱ्याची बादली द्यायला बाहेर आले, तर मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "ताई, तुमच्या गल्लीत शनवारी बादल्या लई जड असत्यात बघा." मला आधी रागच आला. मग घरात येऊन विचार केला, तर बाईचं खरं होतं. उद्या बाजार, म्हणून आज फ्रीज रिकामा करायचा. मऊ पडलेली वांगी, पिवळी पडलेली मेथी, पाव कोबी, डब्याच्या तळाशी विसरलेली उसळ, सगळं बादलीत. आणि रविवारी संध्याकाळी भाव उतरला की पुन्हा वाट्यावर वाटे घेऊन यायचं. दहा रुपयांना एवढे टोमॅटो! त्यातले निम्मे पुढच्या शनिवारी मावशींच्या गाडीत.

त्या आठवड्यात मी एक उद्योग केला. भिंतीवरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाशेजारी, रोज काय टाकलं ते लिहिलं. साली-देठ सोडून, खाता आलं असतं असंच तेवढं. सात दिवसांचं मिळून दोन किलोच्या वर गेलं. घरात माणसं पाच. ह्यांनी वाचून विचारलं, "हे कोणाचं उधार आहे?" आता काय सांगणार!

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये वाया जाणाऱ्या अन्नावर अहवाल काढला होता. त्यात म्हटलंय, २०२२ या एका वर्षात जगभरात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं ६० टक्के हॉटेलांतून किंवा दुकानांतून नव्हे, घराघरांतून गेलं. भारतातल्या घरांसाठी त्यांचा अंदाज आहे माणशी वर्षाला ५५ किलो. साली-बियाही त्यात धरल्या आहेत, हे खरं. तरी पाच माणसांच्या घराचं गणित करा. दिवसाला पाऊण किलो होतं. लग्नातल्या पंगतीवर आपण नाकं मुरडतो, पण आपलं स्वयंपाकघर काही मागे नाही.

आमच्या वाड्याच्या अंगणात शनिवारी तीन वाजता जे सुरू झालं, ते या कॅलेंडरमधून. त्याला नाव असं काही नाही. सगळ्या नुसतं 'शनिवार' म्हणतात. 'ह्या शनिवाराला येणार ना?'

रीत अगदी साधी आहे. बाजाराच्या आदल्या दिवशी घरात जे उरलंय ते आणायचं. कोणाकडे दोनच वांगी असतात. कोणाकडे कोबीचा तुकडा. एकीकडे मूठभर मटकी भिजून मोड आलेली, पण घरात पुरण्याजोगी नाही. अहो, खरी गोम इथेच आहे! दोन वांग्यांची पाच माणसांची भाजी होत नाही, म्हणून ती पडून राहतात आणि शेवटी फेकली जातात. पण अकरा-बारा घरांची दोन-दोन वांगी एकत्र आली की कढई भरते. एकटीच्या स्वयंपाकघरात जो कचरा असतो, तो दहाजणींत भाजी होतो. इतकी साधी गोष्ट कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली.

प्रत्येकीने दहा रुपये द्यायचे. त्यात तेल, तिखट-मीठ आणि गॅस भागतो. एकीने चिरायचं, एकीने निवडायचं, एकीने फोडणी. दीड-दोन तासांत दोन पदार्थ होतात. मग, आणि हा नियम मी पहिल्या दिवसापासून सोडलेला नाही, जिने तिने आधी खाली बसून गरम गरम खायचं. ताटलीत घेऊन, बसून. उभ्याने नाही. त्यानंतर प्रत्येकीने आपापला डबा भरून घरी न्यायचा, म्हणजे रात्रीच्या भाजीचं काम संपलं. हे शेवटचं फार महत्त्वाचं. सुरुवातीला दोघी-तिघींच्या सासूबाईंनी विचारलंच होतं, "घरचा स्वयंपाक टाकून गल्लीत कसला स्वयंपाक करता?" डबा घरी आल्यावर तो प्रश्न संपला. जादा काम असतं तर हा शनिवार तीन आठवडेही टिकला नसता. बायकांना फुरसतीचा छंद म्हणून अजून एक काम लावणाऱ्या योजना मी भरपूर पाहिल्यात.

काय काय केलं, ते सांगितलं तर पान भरेल. फ्लॉवरची पानं आणि दांडे बारीक चिरून, पीठ पेरून भाजी. मुळ्याच्या पाल्याची मुगाची डाळ घालून मोकळी भाजी. दोडक्याच्या शिरांची तीळ घालून चटणी तर आमच्याकडे घरोघर व्हायची; ती मधल्या काळात बंद कशी पडली कोण जाणे. दुधीच्या सालींची चटणी, कोथिंबिरीच्या काड्यांचं वाटण, कलिंगडाचा पांढरा भाग किसून थालिपीठ. आदल्या रात्रीच्या घट्ट वरणात कणीक भिजवून केलेल्या पुऱ्या मुलांनी मागून मागून खाल्ल्या, वरण आहे हे त्यांना कळलंही नाही. आंबट दह्याची कढी. आणि भाकरी उरली तर कडक भाकरी. आम्हा सोलापूरकरांना ती कोणी शिकवायला नको. पातळ भाकरी खडखडीत वाळवली की दिवसच्या दिवस टिकते आणि आमटीत चुरून शेंगाचटणीबरोबर खाल्ली की ताजी विसरायला होतं.

यातलं नवं काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. मान्य. पण माहीत असणं वेगळं आणि मंगळवारी संध्याकाळी एकटीने सुचणं वेगळं. एका तरुण मैत्रिणीने मला सांगितलं, तिच्या आईने तिला शेवग्याच्या पाल्याची भाजी कधी करूच दिली नव्हती, का तर 'ती गरिबांची'. दारात झाड, शेंगा विकायच्या नि पाला गुरांना. शनिवारी तिने तो पहिल्यांदा निवडला. आता तिचं झाड आमच्या सगळ्यांचं झालंय.

आता माझी एक चूकही सांगते, कारण काटकसरीच्या नादात ती कोणाकडूनही होईल. शनिवार सुरू झाल्यावरच्या पहिल्याच मे महिन्यात माझ्या घरी भात पातेलंभर उरला. रात्रभर ओट्यावर झाकून ठेवला आणि सकाळी झक्कपैकी फोडणीचा भात केला. वाया कसा घालवायचा? मी तर शनिवारवाली! दुपारपर्यंत धाकट्याला उलट्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "भात कालचा होता का?" मग त्यांनी समजावलं. भात शिजवला तरी काही जंतूंची बीजं त्यात जिवंत राहतात. भात उबेत तासन्‌तास राहिला की ते जंतू वाढतात आणि विष तयार करतात. नंतर कितीही परतलं तरी ते विष जात नाही. मला वाटत होतं, उकळी आली की सगळं शुद्ध!

तेव्हापासून शनिवारी भाज्यांइतकंच हेही बोललं जातं. भात उरणार असं दिसलं की परातीत पसरून लवकर गार करायचा आणि दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर तासाभरातच. दुसऱ्या दिवशी संपवायचा, एकदाच आणि वाफ येईपर्यंत गरम करायचा. लाईट बराच वेळ गेली असेल तर फ्रीजवरही विसंबू नका. शेंगदाणे कडू लागले किंवा बुरशी दिसली तर ते सरळ टाका, चटणीत खपवू नका. शेंगदाण्यावरच्या बुरशीतलं विष यकृताला घातक असतं. ब्रेडवरची बुरशी तेवढीच खरवडून उरलेला खाण्यातही शहाणपण नाही. हिरवे पडलेले बटाटेही नकोत. काही गोष्टी टाकाव्याच लागतात, आणि त्या टाकताना जीव कळवळला तरी तो आवरायचा. आपलं पोट म्हणजे कचऱ्याची दुसरी बादली नव्हे.

हे शेवटचं वाक्य मी आमच्या एका धाकट्या मैत्रिणीला उद्देशून म्हणाले होते. पलीकडच्या गल्लीतली सून, दुसऱ्यांदा दिवस गेलेले. आशाताईंनी तिला ओढतच शनिवारी आणलं. रक्त तपासलं होतं, हिमोग्लोबिन आठच्या आसपास. गरोदरपणात ते अकराच्या खाली नको असतं. घरात खायला नव्हतं असं नाही. चांगलं खातंपितं घर, दारात दोन म्हशी. पण ही जेवायची सगळ्यांच्या शेवटी. भाजी तोवर संपलेली. मग कालची भाकरी, तळाची आमटी, ताकाचं पाणी आणि वर चहा. आम्ही तिला विचारलं, "अगं, स्वतःसाठी थोडी भाजी बाजूला का काढत नाहीस?" ती म्हणाली, "काढली तर उरेल ना ताई. मग ती वाया जाईल." म्हणजे ती खाणार हे तिने हिशेबातच धरलेलं नव्हतं. घरात किती जणांचा स्वयंपाक करतेस, असं विचारलं तर ती 'सहा' म्हणायची. माणसं सात होती.

त्या दिवशी अंगणात कोणीच काही बोललं नाही. मग एकीने तिच्या ताटलीत अजून एक डाव वाढला.

ही एकीची गोष्ट नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांत रक्त कमी आढळलं. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या पाहणीत हे प्रमाण ४८ टक्के होतं. म्हणजे मधल्या वर्षांत मोबाईल आले, मिक्सर आले, पण आपलं रक्त वाढलं नाही, उलट कमी झालेल्या वाढल्या. याला कारणं पुष्कळ आहेत आणि शनिवारची कढई हे काही त्यावरचं औषध नाही. तिला गोळ्या लागल्या, डॉक्टर लागले, तपासण्या लागल्या. पण गोळ्या घेताना पोटातही काही लागतं. शनिवारी ती पालेभाजीवर लिंबू पिळायला शिकली, कारण आंबटामुळे भाजीतलं लोह अंगी लागतं. जेवणाबरोबरचा चहा तिने तासभर पुढे ढकलला, कारण चहाने तेच लोह अडतं. आमटी लोखंडी कढईत करायला लागली. आणि सात जणांचा स्वयंपाक करू लागली. बाळंतपण सुखरूप झालं. आता बाळाला घेऊन येते, ते मधोमध गोधडीवर लोळत असतं.

म्हणून माझं म्हणणं आहे की 'वाया घालवू नका' हा उपदेश बायकांना करण्याआधी जरा थांबावं. आपल्या घरांत फेकलं जातं त्याहून जास्त अन्न बायकांच्या पोटात 'वाचवलं' जातं. शिळं संपवणं म्हणजे काटकसर नाही. काटकसर सुरू होते ती बाजारात आणि माप घेताना. आम्ही आता टोमॅटोचे वाटे तिघी मिळून घेतो आणि वाटून घेतो. तांदूळ धुण्याआधी घरात विचारायचं, कोण जेवणार, कोण बाहेरून खाऊन येणार. 'असू दे दोन जास्त, कोणी आलं-गेलं तर' ही सवय मात्र जाता जात नाही. आपल्याकडे पाहुणा उपाशी गेला तर घराचं नाव जातं. यावर आमच्यातल्या एकीने छान तोड काढली. पोळ्या मोजून करते, भाजणी मात्र डब्यात भरून ठेवते. पाहुणा आला तर दहा मिनिटांत थालिपीठ. नाही आला तर भाजणी काही रागावत नाही.

एक अवघड गोष्ट राहिली. ती टाळून पुढे गेले तर खोटेपणा होईल. शनिवार सुरू करताना पहिल्यांदा विचारलं गेलं ते 'काय करायचं' हे नाही, 'कोण कोण येणार' हे. त्याचा अर्थ तुम्हाला कळला असेल. घंटागाडीवरच्या मावशींना मी बोलावलं होतं. सगळं सुरू झालं त्यांच्यामुळेच. त्या आल्या, त्यांनी पाट्यावर ठेचा केला. आमच्या वाड्यातल्या एक काकू, वयाने मोठ्या, हाताला चव असलेल्या, त्या भाजी चिरू लागल्या, गप्पाही मारल्या, पण खायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "माझा आज उपास आहे." पुढच्या शनिवारीही उपास. त्याच्या पुढच्याही. मावशींना न कळण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्या हसून म्हणाल्या, "काकूंना लई उपास असत्यात." मला लाज वाटली आणि ती अजून वाटते. काकूंशी मी एकदा बोलले. वाद झाला. दोन आठवडे त्या आल्याच नाहीत, मग पुन्हा येऊ लागल्या. अजून खात नाहीत. डबाही नेत नाहीत. मी नियम बदललेला नाही. एकच कढई आणि सगळ्यांचे हात. ज्यांना चालत नाही त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवा, अशी सूचनाही आली होती. ती मी ऐकून घेतली नाही आणि घेणारही नाही.

गंमत म्हणजे एकत्र खाण्याची परंपरा आपल्याच मातीत आहे. माझं माहेर लातूरकडचं. तिथे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला सगळं गाव शेतात जातं. हरभरा, तूर, वाटाणा, वांगी, गाजर, मेथी, पात, रानात त्या वेळी जे जे असेल ते सगळं एका भज्जीत पडतं. सोबत बाजरीचे उंडे, आंबील, खीर. वाटेने जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारून बसवतात. भज्जीला ठरलेलं प्रमाण नाही. ज्याच्याकडे जे आहे ते घालायचं. शनिवारी पहिल्यांदा अकरा घरांची भाजी परातीत पडली तेव्हा मला वेळवसच आठवली. फरक एवढाच, की ती वर्षातून एकदा येते.

आणि बायका एकत्र येऊन स्वयंपाकातून काय उभं करू शकतात, हे महाराष्ट्राला सांगायला नको. १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले, त्यातून लिज्जत उभं राहिलं. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना घेऊन अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. तिथे रोजगार होता, म्हणून लोकांनी मान दिला. आमच्या कढईतून पैसा येत नाही. म्हणून गल्लीतले पुरुष याला अजून 'बायकांची भिशी' म्हणतात. आम्ही त्यांनाही बोलावलंय. दोघे आले. एक निवृत्त मास्तर आहेत, एकटे राहतात, पहिल्या दिवशी कांदा चिरताना रडले आणि आता आमटी करतात. दुसरे माझे हे. ते अजून चव घेण्याच्या खात्यातच आहेत.

अडचणी आहेतच. पावसाळ्यात अंगण गळतं. गावात सभागृह आहे, वर्षातून चार वेळा उघडतं, बाकी कुलूप. शनिवारी दोन तास मिळावं म्हणून आम्ही अर्ज केला, बायकांच्या सह्या जोडल्या. उत्तर आलं नाही. पुन्हा केला. आपल्या गावातली अशी बंद सभागृहं, शाळेच्या व्हरांड्यातल्या रिकाम्या दुपारी तुम्हालाही दिसत असतील. तिथे एक शेगडी आणि दोन पातेली ठेवायला फार मोठी योजना लागत नाही. किल्ली लागते.

तुमच्याकडे सुरू करायचं असेल तर बाजाराचा आदला दिवस धरा, पाच जणी पुरतात. आमचं म्हणाल तर येत्या शनिवारी तीन वाजता, वाड्यातच. हरभऱ्याचा पाला आलाय, त्याची भाजी ठरली आहे. घरात मऊ पडलेलं जे असेल ते आणा. विळ्या तीनच आहेत, आपापली आणलीत तर बरं. आणि डबा.